हे खरं घडलेलं आहे का?

लोकलमध्ये मी पुस्तक उघडलं की शेजारची बाई आधी मुखपृष्ठ बघते आणि मग विचारते, ‘हे खरं घडलेलं आहे का?’ आत्मचरित्र आहे म्हटलं की तिला बरं वाटतं. कादंबरी म्हटलं की ‘म्हणजे मनाचंच’ म्हणून ती खिडकीकडे वळते. घरी मोठ्या जाऊबाईंचंही तेच, कादंबऱ्यांत कशाला वेळ घालवतेस? आता तुम्हीही ‘कादंबरी खरी वाटते की आत्मचरित्र?’ असं विचारलंत, म्हणून नुकत्याच लागोपाठ वाचलेल्या पुस्तकांवरूनच सांगते.

सुरुवात ‘रणांगण’ने केली. विश्राम बेडेकरांची ही एकुलती एक कादंबरी, १९३९ सालची. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू, आणि मराठी तरुण चक्रधर व त्या ज्यूंमधली हॅर्टा. बेडेकर स्वतः सिनेमाचं शिक्षण घ्यायला विलायतेला जाऊन आले होते, तेव्हा बोटीवरची ती माणसं हवेतून आलेली नाहीत. पण मला हलवलं ते चक्रधरने. एका बाईने फसवलं म्हणून मन घट्ट करून बसलेला हा माणूस. हॅर्टा जीव लावते, मुंबई येते आणि तो उतरतो. तिला उतरता येत नाही. बेडेकरांनी त्याला कुठेही सावरून घेतलेलं नाही. पुस्तक मिटून मी बराच वेळ नुसती बसून होते.

मग त्यांचंच आत्मचरित्र घेतलं, ‘एक झाड आणि दोन पक्षी’. नाव उपनिषदातलं आहे. एक पक्षी फळ खातो, दुसरा नुसता बघतो. ते वाचताना माझ्या ध्यानात आलं की मी शोधते तो हा दुसरा पक्षी. तो कादंबरीत असो वा आठवणींत. लिहिणाऱ्याने स्वतःला सूट दिली का, एवढंच मी बघते.

दया पवारांच्या ‘बलुतं’ या आत्मकथनात तो पक्षी पहिल्याच पानावर भेटतो. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, माणूस एकच. १९७८ साली आलेलं हे पुस्तक. मुंबईतल्या कावाखाना या वस्तीतल्या बायका कागद, चिंध्या वेचायला जातात, वडील गोदीत राबतात, त्यांची दारू, सगळं जसंच्या तसं. गावाने आणि जातीने जे केलं ते तर आहेच, पण पहिल्या बायकोवर आपण घेतलेला संशयही पवार लपवत नाहीत. तिथे मी थांबले. हे लिहायला केवढं काळीज लागलं असेल.

आणि ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र. लक्ष्मीबाई टिळकांचे वडील इतके सोवळे, की बाहेरून आणलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. पाण्यात विरघळणारी गोष्ट धुवायची! घरातल्या बायकांचे हाल त्या एका मिठात दिसतात, आणि लक्ष्मीबाई ते आवाज न चढवता सांगतात. त्यांचे पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई १९०० साली. मधल्या वर्षांतला स्वतःचा राग, हट्ट, सोवळ्याचा पगडा, काहीही त्यांनी झाकलेलं नाही. बाई समोर बसून बोलतेय असं वाटतं.

याउलट यशस्वी माणसांची दोन आत्मचरित्रं मी अर्ध्यात ठेवली. नावं घेत नाही. घटना खऱ्याच असतील, तारखाही बरोबर असतील, पण प्रत्येक भांडणात चूक समोरच्याची. इतकं हातचं राखून लिहिलेलं मला खरं वाटत नाही. चक्रधर कधी जन्मालाच आला नाही, तरी मला तो खरा वाटतो.

परवा गाडीतल्या त्या बाईला मी हॅर्टाची गोष्ट सांगत होते. मुंबईत बोट लागते तिथपर्यंत आले आणि ठाणं आलं. उतरताना तिने विचारलं, ‘पुढे काय झालं तिचं?’ पुस्तक पिशवीतच होतं, ते तिच्या हातात दिलं.