गणपतीनंतर मोपाहून मुंबई: तिकीट कन्फर्म, पण विमानात जागा नाही

गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की कुडाळ-सावंतवाडीचा चाकरमानी परतीला लागतो आणि त्यातले बरेच जण हल्ली गोव्यातला मोपा विमानतळ गाठतात. झाराप-पत्रादेवी महामार्ग धरायचा, पुढे धारगळला विमानतळाचा जोडरस्ता लागतो. एरवी कुडाळहून तास-सव्वा तास पुरतो. या दिवसांत उड्डाणाच्या चार तास आधी घर सोडावं. देशांतर्गत उड्डाणाचं काउंटर सहसा तासभर आधी बंद होतं आणि उशिरा पोहोचलेल्याला भरपाई मागता येत नाही.

दर उड्डाणाला काही प्रवासी येतच नाहीत, म्हणून कंपन्या अंदाजाने काही तिकिटं जादा विकतात. रजा संपल्यावर मात्र झाडून सगळे हजर होतात आणि अंदाज फसतो. ऐनवेळी लहान विमान लावलं तरी गत तीच. पहिली गदा सहसा शेवटी चेक-इन करणाऱ्यावर येते. वेब चेक-इन उघडताच सीट घ्या. बोर्डिंग पासवर सीट क्रमांकाच्या जागी ‘एसबीवाय’ दिसलं, तर ते स्टँडबाय, म्हणजे सीट अजून पक्की नाही. गेटवर न थांबता तिथेच काउंटरवर विचारा.

डीजीसीए या सरकारी विमान वाहतूक नियामकाच्या नियमाप्रमाणे कंपनीने आधी स्वखुशीने जागा सोडणारे शोधायचे. इथेच लोक फसतात. ‘स्वखुशीने’वर सही केली की कंपनी देईल तेवढंच पदरात. नकार देऊनही उतरवलं, तर हिशेब असा: मूळ वेळेपासून तासाभरात दुसरं विमान दिलं तर काही नाही. २४ तासांच्या आत दिलं तर एकेरी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क यांच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल २०,०००. कर आणि विमानतळ शुल्क यात धरत नाहीत. भाडं ३,२०० आणि इंधन शुल्क ६०० असेल, तर ७,६०० किंवा १५,२००.

एक गोष्ट काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही: पर्यायी विमान नाकारलं, तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत आणि वर तीच चौपट भरपाई. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान देत असतील, तर रात्रीची खासगी बस पकडणं बहुधा फायद्याचं. कोकण रेल्वेची आशा धरू नका, तेव्हा वेटिंगही लांबलचक असतं.

‘बोर्डिंग नाकारलं’ असं कारणासह लेखी घ्या. नोंद ‘नो-शो’ (प्रवासी आलाच नाही) अशी झाली तर दावा लंगडा पडतो. बॅगेचा टॅग आणि चेक-इनची वेळ दाखवणारा मेसेज जपा. व्हाउचर तुमच्या सहीशिवाय गळ्यात मारता येत नाही. रोख किंवा बँकेत मागा. भाद्रपदाच्या पावसाने उड्डाणच रद्द झालं, तर ही भरपाई नाही, फक्त परतावा किंवा दुसरं विमान.

काउंटरवर टोलवाटोलवी झाली तर एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार टाका, नाहीतर ग्राहक हेल्पलाइन १९१५. ही भरपाई न दिल्याबद्दल जून २०२२ मध्ये डीजीसीएने एअर इंडियाला १० लाखांचा दंड केला होता, एवढं काउंटरवर शांतपणे सांगितलं तरी पुष्कळदा सूर बदलतो.