चतुर्थीची तिथी ठरलेली असते, मग नियोजन का बिघडते?

पेणला आमचा गणपतीचा कारखाना आहे आणि त्याची खरेदी व हिशेब मी पाहते, हे कळले की समोरचा माणूस हमखास विचारतो : चतुर्थी कधी आहे हे पंचांगात आधीच छापलेले असते, मागणीही दरवर्षीचीच, मग काही मूर्ती उरतात आणि काही कमी पडतात, हे होतेच कसे? विचारणाऱ्यांत नातेवाईक असतात, कर्ज देणारे बँकेचे अधिकारी असतात आणि व्यवस्थापन शिकणारा माझा भाचा तर असतोच. तुम्हीही विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

तिथी ठरलेली असली तरी ती एका जागी राहत नाही. 2023 मध्ये चतुर्थी 19 सप्टेंबरला होती, 2024 मध्ये 7 सप्टेंबरला आणि 2025 मध्ये 27 ऑगस्टला. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती पुन्हा 14 सप्टेंबरवर जाते. पाऊस मात्र अधिक महिना पाळत नाही. मूर्ती साच्यातून काढून वाळवण्याचे काम ऊन असेपर्यंत उरकायचे आणि रंगकाम व डोळ्यांची आखणी पावसाळ्यात छपराखाली करायची, अशी आमच्या वर्षाची विभागणी आहे. चतुर्थी लवकर आली की रंगकामाचेच दिवस कापले जातात आणि आखणी करणारा हात आयत्या वेळी कोठून भाड्याने आणता येत नाही.

शिवाय किती मूर्ती करायच्या हे हिवाळ्यात ठरवावे लागते आणि मुंबई-पुण्याचे बहुतेक व्यापारी नक्की आकडा सांगतात तो जून-जुलैमध्ये. परदेशी जाणारा माल समुद्रमार्गे जात असल्याने तेवढा आधीच ठरतो, पण तो सगळ्या कारखान्यांच्या वाट्याला येत नाही. राजस्थानातून येणारे प्लास्टर एकदम भरून ठेवावे, तर कोकणातल्या दमट हवेत पोती ओल धरतात आणि मग ते प्लास्टर नीट घट्ट होत नाही. थोडे थोडे मागवावे, तर मार्च-एप्रिलमध्ये पेणजवळच्या हमरापूर, जोहे, कळवे इथल्या साऱ्या कारखान्यांची एकाच वेळी घाई असते.

भाच्याने मला पेपरवाल्याचे गणित समजावून सांगितले. उरलेल्या अंकाचा तोटा आणि हुकलेल्या विक्रीचा तोटा यांची तुलना करून किती अंक घ्यायचे ते ठरते, आणि गणित चोख आहे. पण पेपरवाल्याला आपला अंदाज रोज सकाळी सुधारता येतो, तर मला वर्षातून एकदाच उत्तर कळते आणि तोवर तिथी, पाऊस व कायदा हे तिन्ही बदललेले असतात. आम्हाला जी काही सवड मिळते, ती कच्च्या मूर्तीमुळे. न रंगवलेली प्लास्टरची मूर्ती पुढच्या वर्षापर्यंत टिकते. रंगवलेली मात्र धूळ खाते, फिकट होते आणि तिच्या पितांबराच्या रंगाची चलती संपलेली असते. म्हणून कच्च्या मूर्ती भरपूर करून ठेवायच्या आणि रंग नोंदणी पाहून द्यायचा, हेच आमचे सारे नियोजन आहे.

त्यावरच 2025 मध्ये घाव बसला. प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी घालणारी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वे मे 2020 मधली. त्यांची काटेकोर अंमलबजावणी करा, असे मुंबई उच्च न्यायालयाने 30 जानेवारी 2025 रोजी सांगितले. तेव्हा दिवाळीनंतर काढलेल्या कच्च्या मूर्ती आमच्या माळ्यावर रांगेने उभ्या होत्या आणि त्यांच्यावर घेतलेल्या कर्जाचे व्याज चालू होते. व्यापाऱ्यांनी आगाऊ रक्कम देणे थांबवले. शाडूकडे वळा, असे सांगणाऱ्यांना मी विचारत असे की कोणी वळायचे? शाडूची मूर्ती सावलीत सावकाश वाळवावी लागते, घाई केली की तडकते, वजनाला जड असते आणि वाहतुकीत हात-सोंड सांभाळावी लागते. गुजरातेतून येणारी ती माती तेव्हा साऱ्यांनाच हवी होती. आमच्या नेहमीच्या पुरवठादाराने भाव सांगण्याआधीच थांबायला सांगितले. प्लास्टर ओतणारी मुले रोज येऊन विचारत की आज काम आहे का, आणि त्यांना उचल दिलेली असल्याने जा म्हणणेही शक्य नव्हते. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, म्हणजे ज्या उन्हावर आमचे अख्खे वर्ष चालते ते ऊन, रिकाम्या अंगणात पडून गेले. मग मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत पोहोचला. न्यायालयाने मूर्ती घडवण्यास मुभा दिली ती 9 जूनला, आणि नैसर्गिक जलाशयात विसर्जनाला परवानगी नाहीच, असे त्यासोबत बजावले. लगेच व्यापाऱ्यांचे फोन सुरू झाले. सर्वांना मूर्ती हव्या होत्या, चतुर्थी 27 ऑगस्टला होती आणि ओल्या हवेत वाळवणार कुठे? त्या वर्षी जे कमी पडले त्याला नियोजनाचा अभाव म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

प्लास्टर पाण्यात विरघळत नाही, हे खरे आहे आणि विसर्जनानंतरचे किनारे मीही पाहिले आहेत. माझी तक्रार बंदीबद्दल नाही, निर्णय कोणत्या महिन्यात येतो त्याबद्दल आहे. अर्थात दर वर्षी मुदत मागणाऱ्यांत आम्हीही होतो, असे कोणी म्हटले तर तेही खोटे नाही. आणि मूर्ती उरतात त्यातल्या काही मी जाणूनबुजून उरवते, कारण एकदा रिकाम्या हाताने परत गेलेला व्यापारी दुसऱ्या कारखान्याचा होतो.

हिशेब हाती घेतला तेव्हा नोंदणीशिवाय साचा भरायचाच नाही, असा माझा आग्रह होता. सासरे म्हणत, नोंदणी होईस्तोवर ऊन थांबते का? त्यांच्या पद्धतीने मी पुष्कळ वर्षे काम केले आणि 2025 नंतर माझे जुने मत पुन्हा डोके वर काढू लागले आहे. शाडूत तर कच्चा साठा करून ठेवण्याची सोय फार कमी, म्हणजे नोंदणीवर चालणेच आले; पण नोंदणी तर जूनमध्येच होते. विसर्जनाबाबतचा न्यायालयाचा जुलै 2025 मधला आदेशही मार्च 2026 पर्यंतचाच होता, म्हणजे साचे भरण्याचे दिवस अर्धे सरतात तिथपर्यंत. या हिवाळ्यात मी निम्मे प्लास्टर आणि निम्मी शाडू मागवली आहे. सासऱ्यांना प्लास्टर कमी वाटते, भाच्याला जास्त, आणि दोघांनाही मी अजून उत्तर दिलेले नाही.