लोदी गार्डन, आत्याचा गुडघा आणि चुकीचा मुहम्मद शाह

२०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीला ९८वं मराठी साहित्य संमेलन होतं ना, तालकटोरा स्टेडियममध्ये, त्याला मी आत्याबरोबर गेले होते. आत्या सत्तरीची, डावा गुडघा कामातून गेलेला, पण उत्साह असा की दोन परिसंवादांमध्ये वीस मिनिटं मिळाली तर म्हणाली चल शेजारी तालकटोरा बाग आहे ती बघू. कारण काय, तर १७३७ साली बाजीराव थेट दिल्लीवर येऊन धडकले तेव्हा याच भागात मराठ्यांनी बादशाही फौजेला पळवून लावलं होतं. बाग आहे बरी, झाडं मोठी आहेत, पण तिथे उभं राहून घोड्यांच्या टापा ऐकू येतील असं काही वाटत नाही. आत्याला मात्र आल्या असाव्यात, कारण तिथून तिच्या डोक्यात एकच विषय बसला, मुहम्मद शाह. म्हणजे बाजीरावांनी ज्याची झोप उडवली तो बादशहा. कुठल्याशा नकाशावर तिला लोदी गार्डनमध्ये 'मुहम्मद शाहची कबर' दिसली आणि रविवारच्या समारोपाला दांडी मारून आम्ही रिक्षात.

तो हा नव्हेच. लोदी गार्डनमधला मुहम्मद शाह सय्यद घराण्यातला, पंधराव्या शतकातला, बाजीरावांच्या जवळजवळ तीनशे वर्षं आधीचा. हे मी गेटच्या आत गेल्यावर मोबाईलवर वाचून सांगितलं आणि आत्याचा चेहरा जो पडला! पण पैसे काही गेले नव्हते. लोदी गार्डनला तिकीटच नाही. नव्वद एकर बाग, मध्ये सुलतानांच्या कबरी, आणि कुणीही यावं, सतरंजी टाकावी, पुऱ्या खाव्यात. आमच्याकडच्या बागा दुपारी कुलूप लावून बंद, आत गेलात तर हिरवळीवर पाऊल टाकलं की शिट्टी. मला तर पहिली दहा मिनिटं गवतावर चालायचीच भीती वाटत होती.

फिरलो थोडं. मुहम्मद शाहची (चुकीच्या) अष्टकोनी कबर, शीश गुंबदावर अजून तग धरून असलेल्या निळ्या फरशा, सिकंदर लोदीची तटबंदीच्या आतली कबर, अकबराच्या काळातला अठपुला नावाचा पूल, खांब आठ, कमानी सात. पोपटांचा कलकलाट तर इतका की फोनवर बोलता येत नव्हतं. बडा गुंबदपाशी आत्याच्या गुडघ्याने संप पुकारला आणि ती तिथल्या पायऱ्यांवर बसली ती बसलीच.

आणि तिथे आला प्रीवेडिंगवाला. फोटोग्राफर, त्याचा असिस्टंट चांदीच्या ताटासारखी भलीमोठी चकती घेऊन, नवरदेव बंद गळ्यात, आणि नवरी लाल गाऊनमध्ये ज्याची शेपूट मागे दहा फूट. फोटोग्राफर मला म्हणाला, आंटीजी को ज़रा साइड कर दो, फ्रेम में आ रही हैं. मी काही म्हणायच्या आत आत्याच म्हणाली, "मैं नहीं उठेगी. मेरा घुटना दुखता है. गुंबद बहुत बडा है, तुम साइड हो जाव." तो म्हणाला दो मिनिट. आत्या म्हणाली मला उठायलाच पाच लागतात, तेही मराठीत. मला खरं तर मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण आतून बरंही वाटत होतं, कारण सकाळपासून प्रत्येक कमानीत कुणीतरी कुणालातरी उचलून गोल फिरवत होतं आणि आपण भिंतीला चिकटून वाट बघायची, हे काय.

तर ती नवरीच येऊन आत्याशेजारी बसली. सँडल काढल्या, टाचा सोललेल्या होत्या बिचारीच्या. आत्याने पर्समधून बँडएड काढलं (तिच्या पर्समध्ये अर्धं मेडिकल असतं), लावून दिलं आणि मग सरळ विचारलं, याला किती देते? पोरगी हसली, म्हणाली साठ हजार, एडिटिंग अलग. आत्या माझ्याकडे वळून म्हणाली, "साठ हजार? आणि मला म्हणतोय साइड व्हा!" पोरगी म्हणाली इथे शूट करायची हौस सासूबाईंची, तिला स्वतःला गोव्याला करायचं होतं. मग दोघींचं सासू या विषयावर जे सुरू झालं, एक अर्ध्या हिंदीत, एक पूर्ण, वीस मिनिटं. तोपर्यंत नवरदेव ती शेपूट हातावर घडी करून धरून उभा. ऊन गेलं. फोटोग्राफर माझ्याकडे असं बघत होता की जसं काही आत्या मी भाड्याने आणली आहे.

ही बाग इथे आधीपासून नव्हती, कबरींच्या भोवती खैरपूर नावाचं गाव होतं. ते हलवलं आणि १९३६ साली लेडी विलिंग्डन पार्क उघडलं, लोदी गार्डन हे नाव स्वातंत्र्यानंतरचं. आज आपण ज्या हिरवळीवर लोळतो तिथे कुणाचीतरी अंगणं होती, गुरं होती. हे वाचल्यावर मला जरा टोचलं. आत्याला नाही टोचलं, ती म्हणाली कुणालातरी हलवल्याशिवाय बाग होत नाही, मला हलवून बघा.

दुसऱ्या दिवशी सुंदर नर्सरी. हुमायूनच्या कबरीला लागून, नवी दिल्ली वसवताना रोपं तयार करायला काढलेली नर्सरी, आगा खान ट्रस्टने नीट करून २०१८ साली लोकांना खुली केली. तीनशेच्या वर जातींची झाडं, पाण्याचे पाट, स्वच्छ. तिकीट आहे. आणि तत्त्वाने मी फुकट बागेच्या बाजूची असले तरी खरं सांगायचं तर स्वच्छ बाथरूम दिसल्यावर माझं तत्त्व डगमगलं. फक्त सगळी माणसं एकाच प्रकारची दिसतात तिथे, सगळ्यांच्या पिकनिक बास्केट वेताच्या.

तिथून निजामुद्दीन हाकेच्या अंतरावर, आणि खरा मुहम्मद शाह, रंगीला, तिथे दर्ग्याच्या आवारात पुरलेला आहे. गल्ली चिंचोळी, फुलवाले ओढतात, चपला इथे ठेवा म्हणतात, आत्या लंगडत पण नेटाने. संगमरवरी जाळीच्या आत रंगीला. त्याच आवारात शाहजहानची मुलगी जहाँआरा, तिच्या कबरीवर वरून दगड नाही, माती आणि हिरवळ, तिचीच तशी इच्छा होती. अख्ख्या दिल्लीत मला सगळ्यात आवडलेली हिरवळ हीच, सतरंजीएवढीसुद्धा नाही. आत्या मात्र रंगीलाच्या जाळीपाशी खूप वेळ उभी होती. मग म्हणाली, बाजीराव दिल्लीहून परतले आणि दोनच वर्षांत नादिरशाह आला याच्यावर, कसली झोप लागली असेल.

परत जायला रिक्षावाल्याने दुप्पट मागितले, दिले. पुढच्या दिवसाचं राष्ट्रपती भवनातल्या अमृत उद्यानाचं ऑनलाइन बुकिंग केलेलं होतं, ते फुकटच असतं, पण आत्याने पायाला गरम पाण्याची पिशवी लावून जाहीर केलं की आता तिला फुलंबिलं दाखवायची नाहीत, झोपू द्यायचं. त्यामुळे ट्यूलिप कसे होते ते मला विचारू नका.