कॉकटेल म्हणजे कोंबड्याची शेपटी?

औषधांचं कॉकटेल, गाण्यांचं कॉकटेल, काहीही मिसळलं की आपण कॉकटेल म्हणून मोकळे होतो. पण फोड करून बघा, कॉक म्हणजे कोंबडा आणि टेल म्हणजे शेपूट, मग यात दारू आली कुठून? परवा रात्री हे डोक्यात शिरलं आणि दोन तास वाचतच बसलो.

सगळ्यात आधी भेटते ती न्यू ऑर्लिन्समधल्या पेशो नावाच्या औषधवाल्याची गोष्ट. तो म्हणे ब्रँडीत स्वतः बनवलेले बिटर्स (कडू अर्क) घालून अंडं ठेवायच्या छोट्या कपातून द्यायचा, त्या कपाला फ्रेंचमध्ये कोकतिए म्हणतात आणि त्याचंच पुढे कॉकटेल झालं. ऐकायला झकास आहे, पण हा पेशो जन्मला १८०३ च्या आसपास आणि शब्द अमेरिकेत १८०६ ला अर्थासकट छापून आलेला. तीन वर्षांचं पोर ब्रँडी ओततंय का? शुद्ध बादरायण संबंध!

ते १८०६ चं प्रकरण मात्र भारी आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका पेपरने निवडणूक हरलेल्या उमेदवाराची टर उडवायला त्याच्या खर्चाची यादी छापली, त्यात बाकीच्या दारूबरोबर कॉकटेलपण होतं. एका वाचकाने विचारलं, हे काय असतं बुवा? १३ मे च्या अंकात संपादकाने उत्तर दिलं की कुठलीही कडक दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. वर टोमणा असा की उमेदवाराला हे फार उपयोगी, कारण एकदा हा ग्लास गिळलेला माणूस पुढे काहीही गिळायला तयार होतो.

म्हणजे तेव्हा कॉकटेल हे एकाच पेयाचं नाव होतं. बिटर्स म्हणजे कडू मुळं, साली वगैरे दारूत मुरवून काढलेला अर्क, थेंब-थेंब घालायचा, आणि तो मूळचा पोटाच्या औषधातला.

आता शेपटीचं. मला पटते ती घोड्यांची थिअरी. इंग्लंडमध्ये गाडीच्या घोड्यांची शेपटी आखूड कापायचे, ती कोंबड्यासारखी वर उभी राहायची, म्हणून तसल्या घोड्याला कॉकटेल म्हणायचे, आणि हे घोडे अस्सल जातीचे नसायचे, रक्तात मिसळ असायची, त्यावरून मिसळलेली दारू. दुसरा तर्क जरा चावट आहे. डेव्हिड वोंडरिच या अभ्यासकाचं म्हणणं असं की विकायचा घोडा तरतरीत दिसावा म्हणून व्यापारी त्याच्या नको त्या जागी आलं घालायचे, शेपटी आपोआप वर, आणि तशीच माणसाला तरतरी आणणारी दारू म्हणून ती कॉकटेल! आता हे वाचून हसू येतं, पण १७९८ च्या लंडनच्या एका पेपरात कॉकटेलचा उल्लेख आहे आणि तिथे शेजारीच लिहिलंय की याला साध्या भाषेत आलं म्हणतात. छातीठोक पुरावा दोन्हीला नाही, तरी कोकतिएपेक्षा हे बरं.

पुढे बारवाल्यांनी कॉकटेलमध्ये नाना लिकर (गोड, स्वादाची दारू) आणि काय काय घालायला सुरुवात केली तशी जुनी गिऱ्हाईकं वैतागली, म्हणाली आम्हाला ते जुन्या पद्धतीचं द्या. तेच आजचं ओल्ड फॅशन्ड. व्हिस्की, साखर, जरासं पाणी, बिटर्स. हडसनच्या संपादकाची यादी जशीच्या तशी, फक्त बर्फ वाढला.