लढतीसाठी शिलेदाराचा साज: आतून बाहेर

बोथट पोलादी पात्यांनी खेळल्या जाणाऱ्या शिवकालीन लढतीचा साज करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी तलवार घेतात. मी उलट्या टोकानं सुरुवात केली. आधी अंगातला डगला, त्यावर चिलखत, मग टोप, ढाल आणि सगळ्यात शेवटी तलवार. चिलखताचं माप डगल्यावरून निघतं, टोपाचं माप आतल्या गादीवरून आणि तलवारीच्या मुठीचं माप हातात काय घालणार त्यावरून. हा क्रम चुकला की एकेक वस्तू दुसऱ्यांदा करावी लागते.

त्याच्याही आधी उभा कोण करायचा ते ठरवावं. बारगिराला घोडा आणि हत्यारं सरकारातून मिळत, शिलेदार स्वतःची घेऊन येई. चिलखत हे ऐपतीचं काम, ते सरसकट सगळ्यांच्या अंगावर नसे. कॅलेंडरवरचा उघड्या छातीचा मावळा चित्रात शोभतो. पोलादी पात्याच्या लढतीत तसं उतरणं म्हणजे फासळ्या आणि बोटं पणाला लावणं. म्हणून मी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, बऱ्या ऐपतीचा शिलेदार धरला. त्याला चिलखतही शोभतं आणि डगलाही.

नमुने बघायला साताऱ्यातलं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय जवळच आहे. 2024 च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं आली तेव्हा सगळी गर्दी त्या एका काचेपुढे होती. आपल्या कामाचं मात्र बाकीच्या शस्त्रांत असतं. मूठ आतून किती अरुंद आहे, पातं मुठीजवळ किती जाड आणि टोकाकडे किती पातळ होत गेलंय, ढालीची फुलं (धातूची नक्षीदार बटणं) नेमकी कुठे बसवलीत, हे काचेबाहेरून दिसतं. छायाचित्रांत जाडी कळत नाही आणि बाजारातल्या शोभेच्या वस्तू नेमक्या जाडीतच फसतात.

डगला म्हणजे कापूस भरून टाचलेला जाड अंगरखा. अस्तर आणि वरचं कापड मिळून 110 सेंटीमीटर पन्ह्याची जाडीभरडी खादी साधारण 7 मीटर लागते. पिंजलेला कापूस दीड ते दोन किलो. कापड कापण्याआधी गरम पाण्यातून काढून उन्हात वाळवायचं, कारण खादी आटते. बेतल्यानंतर आटली तर छातीवर बंद जुळत नाहीत. छातीच्या मापात 12 ते 15 सेंटीमीटर जास्त धरावेत. भरलेला कापूस आतल्या बाजूनं जागा खातो, ही गोष्ट नेहमीच्या शिंप्याच्या हिशेबात नसते, ती त्याला सांगावी लागते. काखेत कळी (जास्तीचा जोडतुकडा) घालायची आणि कळीत कापूस भरायचा नाही. दोन्ही हात डोक्यावर नेले तर खालचा घेर वर ओढला जाता कामा नये. ओढला गेला तर कळी लहान आहे.

टाके उभे, 4 सेंटीमीटरच्या अंतरानं. त्याहून लांब गेले की घामानं ओला झालेला कापूस खाली उतरतो आणि खांदे रिकामे पडतात. मार बसतो तो तर खांद्यावरच. यावर आपल्याकडचा एक पक्का तोडगा आहे. खांद्यांवर आणि पाठीच्या वरच्या भागात कापसाऐवजी जुन्या धुतलेल्या धोतराचे 8 ते 10 पदर घालायचे आणि गोधडीसारखा दाट धावदोरा मारायचा. पदर सरकत नाहीत, धुता येतात आणि वाळतातही लवकर. हे काम मशीनवर नीट होत नाही, सुई मोडते. गोधड्या शिवणाऱ्या बायकांच्या हाताला मात्र ते सहज बसतं.

रंगात अचूकता पाळणं तसं स्वस्तात होतं, तरी लोक तिथेच घसरतात. पहिला कृत्रिम रंग 1856 चा. त्याआधीच्या माणसाच्या अंगावर आजच्यासारखा चमकणारा भगवा किंवा पोपटी येणार कुठून? मंजिष्ठेचा तांबडा, नीळ किंवा कोरं कापड यांतच राहावं. बटणाऐवजी कापडी बंद. खाली सुरवार, कमरेला शेला. वहाणांना टाचेमागून पट्टा हवाच, आणि नवा चामडी तळ गवतावर घसरतो म्हणून तो कानशीनं खरवडून घ्यायचा.

आता चिलखत. वेळ सगळा इथे जातो.

लढतीला नुसत्या मिटवलेल्या कड्यांचं जाळं चालत नाही. घाव बसला की जोड उघडतो आणि उघडलेली कडी डगला फाडते. म्हणून एक ओळ अखंड कड्यांची, एक ओळ रिबिट मारलेल्या कड्यांची अशी वीण मी घेतली. ही जुन्या चिलखतांत सापडणारीच पद्धत आहे आणि तिनं रिबिटाचं काम निम्म्यावर येतं. आतला व्यास 9 मिलिमीटर, तार 1.4 मिलिमीटर, म्हणजे 17 गेज. मांडीच्या वरपर्यंत लांब आणि कोपरापर्यंत बाह्यांच्या चिलखताला साधारण 24 हजार कड्या लागतात. निम्म्या अखंड, निम्म्या रिबिटाच्या. एक कडी जेमतेम अर्ध्या ग्रॅमची, सगळं मिळून 11 किलोच्या आसपास.

अखंड कड्या म्हणजे पातळ वॉशरच, पण दुकानात मिळणारा 8 मिलिमीटर बोल्टाचा वॉशर बाहेरून 16 मिलिमीटर असतो. तो रुंद पडतो, शेजारच्या चार कड्यांत फिरत नाही. बाहेरून 12, आतून 9 असा वॉशर 1.2 मिलिमीटर पत्र्यातून काढावा लागतो, त्यासाठी वेगळी डाय (पत्रा कापायचा साचा) बनवावी लागते. कुपवाड एमआयडीसीत अशी कामं करणारे प्रेसवाले आहेत. पत्र्यापेक्षा डायचे पैसे जास्त होतात, त्यामुळे दोघातिघांनी मिळून काढणं परवडतं. कड्यांची धार काढायला त्या कोरड्या वाळूबरोबर पिंपात घोळवून घ्यायच्या.

रिबिटाच्या कड्यांसाठी 7 किलो काळी नरम तार घेतली तर तुटफूट धरून पुरते. बांधकामावर सळया बांधायची तार नरम असते, पण ती बहुधा 18 किंवा 20 गेजची, म्हणजे पातळ. जीआय (जस्त चढवलेली) तार मात्र अजिबात नको. तापवून लाल करताना जस्ताचा धूर होतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

तार 9 मिलिमीटरच्या गजावर गुंडाळायची, स्प्रिंगसारखी झाली की एका रेषेत कापत जायची. प्रत्येक कडीची टोकं 4 मिलिमीटर एकमेकांवर यायला हवीत. मग सगळ्या कड्या पत्र्याच्या डब्यात घालून लाल करायच्या आणि राखेत गाडून सावकाश थंड होऊ द्यायच्या. हे टाळलं की पुढे टोकं चपटी करताना काठाला बारीक चीर पडते. तेव्हा ती दिसत नाही, भोक पाडताना मात्र कडी तिथेच फाटते. चपट्या केलेल्या जोडात पोलादी टोच्यानं 1 मिलिमीटरचं भोक पाडायचं. टोच्या सरळ आरपार ठोकला तर अडकून मोडतो. थोडा ठोकायचा, फिरवून काढायचा, तेलात बुडवायचा, पुन्हा ठोकायचा. भोक बरोबर मध्ये हवं, अर्धा मिलिमीटर सरकलं तरी एका बाजूला धातूच उरत नाही.

कडी चार अखंड कड्यांतून ओवून जोड जुळवला की भोकात 1 मिलिमीटर तारेचा 3 मिलिमीटर तुकडा घालायचा आणि पक्कडीनं दाबायचा. पक्कडीच्या एका जबड्यात उथळ खड्डा कोरून घेतला की रिबिटाला गोल डोकं येतं. ही डोकी चिलखताच्या बाहेरच्या अंगाला राहतील अशी धरायची. आत राहिली तर डगल्याचं कापड महिनाभरात विरतं. मिनिटाला एक कडी धरली तरी 12 हजार कड्यांना 200 तास. तयार चिलखत मागवणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, फक्त मागवताना कड्या रिबिटाच्या आहेत ना, आणि रिबिट हलत तर नाही ना, ते पाच-पंचवीस कड्या पिळून बघावं.

ओळी अंगावर आडव्या यायला हव्यात. मग वजनानं वीण अंगालगत मिटते आणि श्वासाबरोबर आडवी ताणते. उभ्या ओळींचं चिलखत सदाचं उघडं लोंबतं. त्यामुळेच घेराचं माप टांगून घ्यायचं नाही. टांगल्यावर वीण अरुंद होते आणि आकडा खोटा येतो. डगला घालून, हात पसरून, छाती फुगवून माप घ्यायचं. सगळा भार खांद्यावर राहिला तर थोड्याच वेळात हात उचलवत नाहीत. कमरेला पट्टा आवळून त्याच्या वर चिलखत थोडं उचलून फुगवटा ठेवायचा, म्हणजे निम्मा भार कमरेवर येतो. प्रतापगडावर 10 नोव्हेंबर 1659 ला महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि डोक्याला पागोट्याखाली संरक्षण घातलं होतं, हे आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. वरून अंगरखा घालण्याचा आपल्याला वेगळाच फायदा होतो, लोखंडावर ऊन पडत नाही. 19 फेब्रुवारीच्या कार्यक्रमात तो नसला तरी चालतं, एप्रिलमध्ये नाही चालत.

टोपाची वाटी 1.6 मिलिमीटर पत्र्याची, त्याखाली नको. तांब्याच्या भांड्यांना आकार देणारा कारागीर ती ठोकून देऊ शकतो, पण लोखंड तांब्यापेक्षा लवकर ताठतं, दर दोन-तीन फेऱ्यांनी लाल करावंच लागतं. घाई केली की कडेला तडा जातो. डोकं आणि पत्रा यांत सगळीकडून दीड ते दोन सेंटीमीटर गादी हवी. हनुवटीखालचा पट्टा चामडी आणि रुंद. मानेवर कड्यांची झालर, पुढे नाकपट्टी.

ढाल गेंड्याच्या कातड्याची असे, पण वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मुळे तो विषय संपला. म्हशीचं 5 मिलिमीटर कच्चं कातडं भिजवून साच्यावर ताणून वाळवलं की 50 सेंटीमीटरची ढाल दोन किलोच्या आत बसते. कमावलेलं कातडं घेऊ नये, ते मऊ राहतं. चारही फुलांचे रिबिट हात धरायच्या आतल्या कड्यांना धरतात, म्हणून फुलं शोभेपुरती चिकटवायची नाहीत. पावसाळ्यात कच्चं कातडं दमट हवा पिऊन वाकतं. दोन्ही अंगांना राळेचा लेप द्यायचा आणि जून ते सप्टेंबर ढाल भिंतीला न टेकवता टांगायची.

तलवारीसाठी मी धोपेचं (सरळ मराठा तलवारीचं) पातं निवडलं. वाकड्या पात्यापेक्षा ते लढतीत सावरायला सोपं जातं. ट्रकच्या जुन्या कमानीच्या पाट्यापासून पातं करायची चाल आहे, पण लाखो धक्के खाल्लेल्या पाट्यात न दिसणाऱ्या चिरा असतात. ईएन 45 या स्प्रिंग पोलादाची नवी पट्टी घ्यावी. पातं 85 ते 90 सेंटीमीटर, कड सगळीकडे किमान 2 मिलिमीटर जाड, टोक बोटाच्या पेरासारखं गोल. पाणी देताना, म्हणजे पोलाद कडक करताना, साधारण 900 अंशांवरून तेलात, उभं बुडवून. आडवं गेलं तर पातं वाकतं. मग 400 ते 450 अंशांवर पुन्हा तापवून पाणी उतरवायचं, म्हणजे ठिसूळपणा घालवायचा. भट्टीवरचे लोहार निळ्या रंगावर थांबतात. तो रंग सुमारे 300 अंशांचा असतो, तेवढ्यावर पातं ठिसूळ राहतं आणि लढतीत तुकडा उडतो. त्याहून वरचं तापमान डोळ्याला कळत नाही, म्हणून हे काम हीट ट्रीटमेंटवाल्याच्या भट्टीतच द्यावं आणि 46 ते 50 रॉकवेल (कठीणपणाचं माप) लिहून घ्यावं. हाती आलं की शिकंज्यात धरून टोक 15 सेंटीमीटर ओढायचं. सोडल्यावर जागेवर आलं नाही तर परत.

जुन्या मुठींत पात्याचं शेपूट (मुठीत शिरणारा भाग) लाखेनं बसवलेलं असे. ऐतिहासिक अचूकता मी इथे सोडली. दणक्यांनी लाखेला तडे जातात आणि उन्हातल्या गाडीत ती मऊही होते. शेपूट मुठीतून आरपार नेऊन 5 मिलिमीटरच्या दोन पिना ठोकल्या. दुसरी तडजोड मुठीच्या लांबीची. जुन्या मुठीत जाड हातमोजा शिरतच नाही, म्हणून आतली जागा 9 सेंटीमीटर ठेवली. परज (मुठीची बोटं राखणारी आडणी) मात्र जुन्या घाटाचीच. दांडपट्टा प्रात्यक्षिकातच ठेवावा. लवचीक पातं आयत्या वेळी आवरता येत नाही, समोर माणूस असताना तर नाहीच.

आणि कागदपत्रं. ‘धार नाही, मग कसली परवानगी’ हा युक्तिवाद टिकत नाही. शस्त्र कायदा 1959 मधून फक्त खेळणं म्हणूनच वापरता येणारी आणि खऱ्या शस्त्रात न बदलता येणारी वस्तू सुटते. स्प्रिंग पोलादाला धार लावता येते. 2016 च्या नियमांच्या यादीत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची शस्त्रं आहेत. शिवाय सणावाराच्या दिवसांत महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37(1) खाली मनाई आदेश निघतात. त्यांत तलवारी, भालेच काय, काठ्याही येतात. तारीख ठरवण्याआधी आदेश लागू आहे का ते बघावं. आयोजकांच्या नावानं पोलीस ठाण्याला पत्र, सोबत हत्यारांची यादी, मापं आणि बोथट कडांचे फोटो, आणि पोच घेतलेली प्रत गाडीत. ने-आण कुलूपबंद पेटीतून. गड संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी वेगळी.

देखभालीत तेल चुकीचं निवडलं जातं. तिळाचं चिकट होऊन धूळ धरतं, खोबरेल थंडीत गोठतं. मशीनचं पातळ तेल घ्यावं. घामाचं मीठ आधी पुसून मगच तेल, नाहीतर तेलाखाली गंज चढतो. चिलखत गंजलंच तर कोरड्या वाळूबरोबर पोत्यात घालून दोघांनी घोळवायचं. पात्याच्या कडेवरून दर फेरीनंतर कापसाचा बोळा फिरवायचा. जिथे तंतू अडकतात तिथे कंगोरा उठलेला असतो. तो बारीक कानशीनं काढल्याशिवाय पुढची फेरी लावायची नाही.