तुम्ही विचारलंत म्हणून : हाकेच्या अंतरावर

"एकटीच जातेस? पोरीला घेऊन? आणि झाडाला टांगून झोपता म्हणे?"

हा प्रश्न लिफ्टमध्ये येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, आणि एकदा पुणे-लोणावळा लोकलमध्ये समोरच्या सीटवरच्या आजींकडूनही आला. त्यांनी आधी माझी सॅक बघितली, मग लेकीची, मग तिच्या सॅकला लटकणारा स्टीलचा कप. उत्तरासाठी सहसा कुणी थांबत नाही. 'धाडसी आहेस बाई' म्हणून विषय मिटतो, आणि त्या 'धाडसी'चा अर्थ 'बेजबाबदार' असतो हे न कळण्याइतकी मी काही भोळी नाही. पण परवा भावजयीने विचारलं आणि ती खरंच थांबली, कारण तिच्या मुलाला आमच्याबरोबर यायचंय. तिला जे सांगितलं तेच इथे जरा पैस घेऊन सांगते. (नवरा का येत नाही, हा उपप्रश्न असतोच. त्याला डोंगर आवडत नाहीत. एवढंच.)

आधी एक गैरसमज दूर करते. आम्ही घनदाट अरण्यात वगैरे झोपत नाही. अभयारण्यात वनखात्याला न विचारता रात्र काढायची नसते, संरक्षित किल्ल्यावर मुक्काम करायचा नसतो, आणि सह्याद्रीतले निम्मे माथे इतके बोडके की तिथे झोळी (हॅमक म्हणतात ती) बांधायला दोन झाडं आणायची कुठून? आमची जागा ठरलेली आहे. राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले, आणि त्यांच्या पायाशी उधेवाडी. तिथे एका मावशींच्या घरामागे आंबा आणि जांभूळ आहे, दोघांत १४-१५ फुटांचं अंतर. झोळीला नेमकं तेवढंच लागतं. मावशींना आधी फोन करायचा, जेवण त्यांच्याकडेच सांगायचं, आणि रात्री त्यांच्या कुत्र्याच्या भरवशावर झोपायचं.

जायचं मात्र चालत. लोणावळ्याहून तुंगार्लीच्या तलावावरून सुमारे १५ किलोमीटर. चढ असा नाहीच, कच्चा रस्ता आहे, जीपही जातात, आणि त्या धुरळा उडवत बाजूने गेल्या की लेक त्यांच्याकडे तुच्छतेने बघते. कर्जतच्या बाजूने, कोंढाणे लेण्यांवरून येणारी वाट आहे, पण ती छातीवरची. ती अजून दोन वर्षांनी. सध्या लेक दहा वर्षांची आहे, वजन २८ किलो, आणि तिच्या पाठीवर मी तीन किलोच्या वर काही चढू देत नाही. तिची झोळी, तिचं पाणी, एक स्वेटर, खाऊ. बाकी सगळं माझ्याकडे. तरी मुक्कामाला पोचेपर्यंत तिची सॅक जड झालेली असते, कारण वाटेत काळ्या खडकाच्या पोकळ्यांतले पांढरे स्फटिक दिसतात आणि त्यातला एकही टाकवत नाही. माणूस मोठा असेल तर चार तासांत पोचतो. आम्हाला सहा लागतात.

आता भीती. वाटते. का नाही वाटणार? पण कशाची, ते लोकांना वाटतं त्याहून वेगळं आहे. लोकांना बिबट्याची वाटते. मला शनिवारच्या रात्रीची वाटते. शनिवारी स्पीकर घेऊन येणारे ग्रुप असतात, बाटल्या असतात, आणि पावसाच्या तोंडावर काजव्यांच्या दिवसांत तर विचारूच नका. म्हणून आम्ही रविवारी सकाळी निघतो, रविवारी रात्री राहतो आणि सोमवारी शाळा बुडवतो. वर्गशिक्षिकेला मी खरं कारण लिहून पाठवते. ताप आला असं लिहायला लावून मुलीला डोंगरावर नेलं, तर तिथे तिला काय शिकवणार, कप्पाळ?

जनावरांची भीती म्हणाल तर ती पायाजवळची असते. झोळीत आपण जमिनीपासून खुर्चीएवढ्या उंचीवर असतो, पण रात्री उठायचं म्हटलं की पाय खालीच ठेवावा लागतो. तेव्हा आधी बॅटरी, मग नजर, मग पाय. बूट जमिनीवर नाहीत, पट्ट्याला उलटे टांगलेले, आणि घालायच्या आधी झटकलेले. हे तिला इतकं अंगवळणी पडलंय की ती घरी शाळेचे बूटही झटकून घालते. शिवाय, काही चावलंच तर, गावात जीप कुणाकडे आहे, हे निजायच्या आधी विचारून ठेवलेलं असतं.

आणि झाड. झाड निवडताना तिला पहिल्यांदा वर बघायला शिकवलं. वाळकी फांदी डोक्यावर असेल तर झाड कितीही देखणं असो, नको. शेवगा नको, तो बोलूनचालून ठिसूळ. पांगारा नि सावर नकोत, त्यांना काटे. दोरी थेट खोडाला बांधायची नाही, चांगला दोन बोटं रुंद पट्टा लावायचा, नाहीतर साल कापते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ताणायची नाही. नवशिक्या माणसाला वाटतं, कॉटसारखी सपाट बांधली की छान झोप लागेल. उलट आहे. पट्टा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल तर ६० किलोच्या माणसाचा प्रत्येक बाजूला ६० किलोच ताण येतो. तोच कोन १० अंशांवर आणला तर एकेका पट्ट्यावर १७० किलोंच्या वर. लेक हाताने मोजते. अंगठा आणि तर्जनी पिस्तुलासारखी धरायची, तर्जनी आडवी, आणि अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंतची रेघ पट्ट्याच्या उताराशी जुळवून बघायची. एक डोळा मिटून, जीभ दातांत धरून ती हे करते तेव्हा मला तिच्या आजोबांची आठवण येते. ते भिंतीवर तसबीर लावताना असेच बघायचे.

झोळी सैल बांधली तरी आत केळ्यासारखं वाकून झोपायचं नसतं. थोडं तिरकं व्हायचं, डोकं एका कडेला, पाय दुसऱ्या कडेला. मग कापड आपोआप पसरतं आणि पाठ सरळ राहते. मला हे कळायला एक रात्र आणि एक आखडलेली मान लागली.

मी 'झोळी' म्हणते ते मावशींमुळे. पहिल्या वेळी मी मोठ्या ऐटीत 'हॅमक, हॅमक' करत होते. मावशी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "झोळी हाय की ही. येवढ्या मोठ्या पोरीला झोळीत घालती?" खरंच की. लेक चार महिन्यांची असताना माझ्या सासूबाईंच्या जुन्या नऊवारीच्या झोळीतच निजायची. उसाच्या फडाच्या कडेला बाभळीला टांगलेली झोळी आणि तिच्यात निजलेलं पोर आपण सगळ्यांनी पाहिलंय, रस्त्यावरून जाता जाता. हॅमक हा शब्द तिकडचा, कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, स्पॅनिश खलाशांनी उचललेला. वस्तू मात्र मावशींनी एका नजरेत ओळखली.

पहिली वेळ फसली, हेही सांगायला हवं. डिसेंबर होता. दोघींकडे बऱ्या स्लीपिंग बॅगा होत्या, त्यामुळे मी निर्धास्त. रात्री एकच्या सुमाराला लेकीचे दात वाजायला लागले. अंगावर हात फिरवला तर पोट गरम आणि पाठ बर्फ. झोपलेल्या माणसाच्या वजनाने बॅगेतला कापूस खालच्या बाजूला चेपतो, त्यातली हवा जाते, आणि ऊब धरणारी हवाच गेल्यावर राहिलं काय? जमिनीवर निदान जमीन असते. इथे खालून सरळ वारा. हे मला आधी माहीत असायला हवं होतं. नव्हतं. दोन वाजता मी लेकीला कडेवर घेऊन मावशींच्या पडवीचं दार वाजवलं. त्यांनी एक शब्द न बोलता गोधडी टाकली. सकाळी चहा देताना मात्र बोलल्या, "आता झोळी पुरे, घरात निजत जा."

ऐकलं नाही. फेब्रुवारीत परत गेलो, या वेळी दोन कॅरीमॅट घेऊन, पाठीखाली घालायला. आणि एक सुतळी घेऊन.

सुतळीचं असं झालं. लेक घरी अजून माझ्याच खोलीत झोपते. वेगळ्या खोलीचं नाव काढलं की तिचा चेहरा पडतो. तंबू असता तर आम्ही दोघी एकमेकींना चिकटून झोपलो असतो आणि प्रश्नच मिटला असता. झोळीत तसं करता येत नाही. एका झोळीत एकच माणूस. जांभळाचं खोड दोघींना सामाईक. तिचं दुसरं टोक आंब्याला, माझं पलीकडे मावशींच्या मांडवाच्या खांबाला, तोही आधी हलवून, लोंबकळून बघितलेला. झोपलं की आमची डोकी जांभळापाशी येतात, हात लांब केला तर बोटं जेमतेम टेकतात. मी म्हटलं, ही सुतळी. एक टोक तुझ्या मनगटाला, एक माझ्या. भीती वाटली की ओढ, मी उठेन.

पिठलं-भाकरी खाऊन आठलाच आडव्या झालो. थोड्या वेळाने दरीपलीकडून धडधड यायला लागली. ती म्हणाली, काय ते? मालगाडी, म्हटलं. बोरघाट चढतेय. तिथला चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे, गाडीला एकटीला झेपत नाही, म्हणून कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात, बँकर म्हणतात त्यांना. "मागून ढकलायला?" हो. "मग वर गेल्यावर?" वर गेल्यावर सोडतात. ती गप्प झाली. मला वाटलं झोपली.

मग अंधारातून, अगदी साध्या आवाजात, ती म्हणाली की तिची मैत्रीण दिवाळीनंतर तिच्याशेजारी डबा खात नाही. दुसऱ्या बाकावर जाते. का, ते माहीत नाही. विचारलं तर 'सहज' म्हणते.

दिवाळी होऊन तेव्हा तीन महिने झाले होते. तीन महिने मी रोज संध्याकाळी "शाळेत काय झालं" विचारत होते आणि रोज "काही नाही" ऐकत होते. घरी हे बोलली असती तर मी तिला जवळ ओढलं असतं, केसांवरून हात फिरवला असता, त्या मैत्रिणीच्या आईला फोन करण्याचा मनसुबाही रचला असता, आणि बोलणं तिथेच संपलं असतं. इथे मला तिचा चेहराच दिसत नव्हता, तिलाही माझा दिसत नव्हता. उठून जवळ जायचं तर चेन उघडा, बॅटरी शोधा, बूट झटका. म्हणून नुसती ऐकत राहिले. आणि ती बोलत राहिली. मध्ये रातवा पक्षी ओरडला, चक चक चक, टप्पे खात जाणाऱ्या चेंडूसारखा, तेव्हा थांबली, आणि परत बोलायला लागली. शेवटी काय तोडगा निघाला? काही नाही. ती म्हणाली, "जाऊ दे. मी पण सहज दुसरीकडे बसून बघेन." आणि दोन मिनिटांत तिचा श्वास जड झाला.

मी मात्र जागी. कुत्रं भुंकलं की जागी, पान पडलं की जागी. सुतळी हाताला आहे ना, चाचपून बघायचं, परत डोळे मिटायचे. किती वेळा, मोजलं नाही.

तर वहिनी, भीती वाटते का याचं उत्तर हे असं आहे. तुझ्या लेकाला पाठव. स्वेटर दे, कॅरीमॅट मी आणते.

सकाळी उजाडलं तेव्हा लेक आधीच उठून मावशींच्या चुलीपुढे बसली होती. माझ्या मनगटाची सुतळी तशीच. दुसऱ्या टोकाकडे बघत गेले तर ते जांभळाच्या खोडाला, छान फासगाठ मारून, बांधलेलं.

"ही कधी सोडलीस गं?"

"रात्रीच," ती चहात खारी बुडवत म्हणाली. "तू सारखी ओढत होतीस."