आमची वाटचाल : टॉल ऑइलचं रेझिन, गोकुळ शिरगाव

कोल्हापुरात कास्टिंग होतं, मशिनिंग होतं, मग त्यावरच्या रंगाचं रेझिन, म्हणजे रंगाला धरून ठेवणारा चिकट पदार्थ, मुंबईहून का आणायचं? या हट्टापायी आम्ही गोकुळ शिरगावला केटल (रेझिन शिजवायचं मोठं भांडं) टाकली आणि जवसाचं तेल सोडून टॉल ऑइलचं फॅटी ॲसिड धरलं. पाइनच्या लाकडाचा कागदासाठी लगदा करताना निघणारा हा माल फिनलंड, स्वीडन, अमेरिकेत तयार होतो. जवसाइतका पिवळा पडत नाही आणि आधी अल्कोहोलिसिस (तेल अल्कोहोलबरोबर तापवून फोडणं) करत बसावं लागत नाही. पेंटा (पेंटाएरिथ्रिटॉल हे अल्कोहोल), थॅलिक ॲनहायड्राइड, फॅटी ॲसिड एकदम घाला, थोडं झायलीन हे सॉल्व्हंट सोडा आणि डीन-स्टार्कमध्ये, म्हणजे वाफेतलं पाणी वेगळं काढणाऱ्या नळीत, उतरणारं पाणी मोजा.

शेवटी शेवटी मात्र केटलपासून हलायचं नाही. ॲसिड व्हॅल्यू (उरलेल्या ॲसिडचं माप) उतरते तसा घट्टपणा चढतो, आणि एकदा जेल झालं की छिन्नी-हातोडा घेऊन केटलमध्ये उतरावं लागतं. नमुना पातळ करून फोर्ड कप नंबर चारमधून (तळाला भोक असलेला, घट्टपणा मोजायचा कप) सोडायचा, हातात स्टॉपवॉच. आमच्या कपाच्या भोकाला आजवर तार लागू दिलेली नाही. तुम्हीही मऊ कापडानेच पुसा. भोक जरा मोठं झालं की घट्ट बॅचसुद्धा पातळ दाखवते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. आमची बॅरलं पलीकडे अडकली, बँकेची लिमिट त्यातच गुंतलेली. पाणी ओसरलं, पण वसुली काही सुरू होईना. नेमका तेव्हाच एक बाहेरचा गडी आला. नाव घेत नाही. आमचाच एजंट फोडला, दर पाडले, वर भरपूर उधारी दिली. त्याच्या रेझिनचा रंग आमच्यापेक्षा लवकर वाळायचा. वाळणारच! फॅटी ॲसिड कमी करून रोझिन (पाइनची राळ) कोंबलेलं. रोझिनने रंग लगेच हाताला लागेनासा होतो, पण थर ठिसूळ होतो. हे सांगत आम्ही दारोदार फिरलो. ‘तुम्हाला पोटदुखी झाली,’ असं तोंडावर ऐकलं. एका महिन्यात तर कामगारांचा पगार घरातलं सोनं ठेवून केला.

उद्यमनगरातले एक अण्णा तेवढे हलले नाहीत. “तुमची केटल पेटली की सांगा, तोवर कास्टिंगला ऑइल फासून ठेवतो,” म्हणाले, आणि ठेवलंच. माल गेला तेव्हा त्यांनी एकाच पंप केसिंगवर अर्ध्यात आमच्या रेझिनचा प्रायमर (रंगाचा पहिला हात) मारला, अर्ध्यात त्या गड्याचा. चार दिवसांनी दोन्हीकडे बोल्ट आवळले. त्याच्या बाजूला वॉशरभोवती खवले उडाले. आमच्याकडे नुसता वॉशरचा वळ उठला. ते केसिंग अण्णांनी ऑफिसात टेबलावरच ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला.

गेलेली गिऱ्हाइकं मग परतली, तीही ‘त्यांच्यासारखी उधारी द्या’ म्हणत. दिली नाही. आता डायमर ॲसिडपासून (दोन फॅटी ॲसिड जोडून होणारं) इपॉक्सी रंग घट्ट करणारं पॉलिअमाइड हार्डनरही करतो, साखर कारखान्यांच्या टाक्यांना लागतं.

तो गडी अजून आहे. रोझिन कमी केलंय म्हणे, आणि दर आमच्याएवढाच लावलाय.